न मोडलेलं हळकुंड

केशव गुरुजींनी वंदनाताईला फसवलं. भर दिवसा, स्वतःच्या अंगणात, माझ्यादेखत फसवलं, आणि मी त्या वेळी तिथेच खाटेवर बसून त्यांच्या घरचा चहा पीत होतो. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी बराच भटकणार आहे, आणि भटकता भटकता माझाच राग निवून जाईल, अशी मला धास्ती आहे.

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या हट्ट्याकडच्या शिवारात वाऱ्याचा वास बदलतो. जागोजागी हळद शिजवायचे कुकर पेटलेले असतात. लोखंडी पिंपांच्या झाकणांखालून पांढरी वाफ सुटते आणि ओल्या मातीचा, कच्च्या मुळाचा, किंचित कापराची आठवण करून देणारा तो उग्र गंध रस्त्याने जाणाऱ्याच्या अंगावर येतो. शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरली की पहिल्या दिवशी ती तांबूस, जड आणि सुस्त दिसते. मग एकेक ऊन अंगात मुरवत ती कडक होत जाते, आणि शेवटी पाय लागला तरी गारगोट्यांसारखी वाजते. हा माझ्या भाकरीचा वास आहे. वसमतच्या मोंढ्यात मी पोती वाहायला लागलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आज त्याच मोंढ्यात माझं दुकान आहे, आणि मी सौद्याला उभा राहिलो की विकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ती आठी मी कमावलेली आहे. माझी जीभ तिखट, डोकं लवकर तापणारं. हळदीच्या भावावरून मी सख्ख्या मेव्हण्याशी भर बाजारात भांडलो आहे. त्याची मला कधी लाज वाटली नाही, कारण मी गोड माणूस आहे असं मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं.

हळद घेणाऱ्याची एक रीत असते. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातलं एखादं हळकुंड ओढून काढायचं आणि दोन्ही अंगठ्यांचा दाब देऊन ते मोडायचं. आधी आवाज ऐकायचा, मग आतला रंग उन्हाकडे धरून पाहायचा. वरून सगळीच हळद पिवळी असते. खरं काय ते मोडल्यावर कळतं. न मोडता सौदा करणारा माणूस आमच्यात एक तर नवखा, नाहीतर वेडा. मी मात्र एका माणसाचं हळकुंड आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. गुरुजींचा ढीग मोंढ्यात पडला की मी नुसती ओंजळ भरायचो, नाकाशी न्यायचो आणि पुन्हा ढिगात सोडायचो. शेजारचा भिकूशेठ हमखास ओरडायचा, "किसनराव, परसाद हाय का त्यो? कपाळाला तरी लावा की!"

"परसादच हाय. तुला न्हाई पचायचा," मी म्हणायचो.

चौथीत गुरुजींनी मला शिकवलं. मी शाळा सोडली तेव्हा ते आमच्या घरी येऊन माझ्या बापाशी भांडले होते. हरले, पण भांडले. माझ्यासाठी कुणी भांडल्याचा माझ्याजवळ तेवढाच एक प्रसंग आहे. नोकरी संपल्यावर त्यांनी वडिलांची जमीन हाती घेतली आणि रासायनिक खत-औषध बांधाच्या आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. शेण, गोमूत्र, आंबट ताक, पालापाचोळा. गाव आधी हसलं, मग बांधावर येऊन उभं राहू लागलं, मग विचारू लागलं. हळूहळू त्यांना ठिकठिकाणी बोलायला बोलावणी येऊ लागली. गुरुजी बोलायला उभे राहिले की सभेत एक निराळीच शांतता उतरायची. मातीविषयी ते असं बोलत, जसं एखादा माणूस आजारी आईविषयी बोलतो.

त्यांच्या वावरात जी हळद होती, तिचं बेणं मुळात वंदनाताईचं. वंदनाताई आमच्या गावच्या अंगणवाडीत काम करते. नवरा नांदेडला एका दवाखान्यात नोकरीला. शेत ती एकटीच्या बळावर करते. तिच्या आईने लग्नात तिला पाटलीबांगडी दिली नव्हती, एका गोणीत हळदीचे गड्डे बांधून दिले होते. ती जुन्या वाणाची हळद, बारीक, बेढब, पण आतून इतकी गडद की मोडल्यावर बोटं दिवसभर रंगलेली राहतात. दर वर्षी काढणीनंतर त्यातले निवडक गड्डे ती अंगणातल्या कडुलिंबाखाली, पाल्याच्या थराखाली झाकून ठेवी आणि मृगाला पुन्हा मातीत घाली. आईकडून लेकीकडे जावं तसं ते बेणं हंगामाकडून हंगामाकडे जात होतं. गुरुजी तिच्या दारी जाऊन ते मागून घेऊन आले तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या गावात बौद्ध वस्तीतल्या बाईच्या दारात बेणं मागायला जाणारे जमीनदार घरचे ते एकटेच. त्या दिवसापासून ती त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही. तिनेही औषध बंद केलं.

मागच्या भाद्रपदात पाऊस खूप दिवस उघडला नाही. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याचा कालवा भरून वाहत होता, सऱ्यांत पाणी साचून राहिलं होतं, आणि हळदीची रुंद हिरवी पानं कडेकडेने पिवळी पडू लागली होती. कंदाला सड लागली होती. आखाडा बाळापूरला गुरुजींचं भाषण होतं. त्यांना माझ्या गाडीतून न्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. चहा आला तेवढ्यात वंदनाताई आली. पदर चिंब, पाय घोट्यापर्यंत चिखलात, हातात उपटलेलं एक झाड. तिने गड्डा बोटांनी दाबला. त्यातून दुर्गंधीचं पाणी आलं.

"गुरुजी, सड आली. समदे म्हनून राहिले, आज औषध सोड, उद्या उशीर व्हईल. काय करू सांगा."

गुरुजींनी तो गड्डा हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "धीर धर, वंदना. चर काढ, पाणी बाहेर काढून दे. ताक सोड, राख टाक. एकदा औषध सोडलंस की इतक्या वर्षांची तुझी माती मेली."

"तुमच्यात न्हाई आली का?"

"आली आहे ना. मीही धीरच धरून बसलो आहे."

तिने झाड परत घेतलं, माझ्याकडे पाहून "येते दादा" म्हणाली, आणि पावसात निघून गेली. गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीने झाकलेलं एक निळं पिंप उभं होतं. ते मी पाहिलं होतं, जसं आपण अंगणातलं दगड-लाकूड पाहतो, तसं. दुपारी बाळापूरच्या सभेत गुरुजींनी वंदनाताईचं नाव घेतलं. भिजत उभी असलेली, हातात कुजलेला कंद धरलेली आणि तरीही न डगमगलेली ती बाई त्यांनी अशी उभी केली की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. मग त्यांना शाल पांघरली गेली.

दसऱ्यापर्यंत वंदनाताईचं वावर संपलं. खणून पाहिलं तर मातीत कंद नव्हते, काळा चिखल होता. लिंबाखाली ठेवायला एक गड्डा उरला नाही. गुरुजींची हळद मात्र छातीभर उंच, गर्द उभी होती, आणि आम्ही सगळे म्हणालो, ती तपश्चर्या आहे.

त्या पिंपाचं तोंड माझ्यासमोर यंदाच्या फाल्गुनात उघडलं. गुरुजींच्या शेतात हळद शिजत होती, मी पाहायला गेलो होतो. हात पिवळे झाले म्हणून धुवायला पाणी मागितलं, तर गड्याने गोठ्याकडचं ते निळं पिंप कलतं केलं. उन्हाने पाणी कोमट झालेलं. ते हातावर पडलं आणि हळदीच्या त्या भरून राहिलेल्या वासाला चिरत दुसरा एक वास वर आला: गोडसर, कुबट, नाकाच्या मुळाशी जाऊन चिकटणारा. मोंढ्याच्या रस्त्यावर खत-औषधांच्या दुकानांची रांग आहे. त्या वासात माझी उमर गेली. तो मला झोपेतही ओळखता येईल.

मी गुरुजींना एवढंच विचारलं, "यात काय होतं?"

ते खोटं बोलतील असं मला वाटलं होतं. बोलले असते तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी गड्याला दूर पाठवलं, वाफेकडे पाहिलं आणि म्हणाले, "वंदना आली होती ना, त्याच्या आदल्या दिवशी सोडलं. मी घाबरलो रे, किसना. सगळं पीक डोळ्यांसमोर बसत चाललं होतं."

"मंग तिला काहून न्हाई सांगितलं?" माझा आवाज चढला होता. कुकरवरची माणसं वळून पाहत होती.

"काय सांगणार? गुरुजींनाच जमलं नाही म्हटल्यावर उद्या सगळा तालुका पुन्हा पिंपं भरून औषध सोडायला मोकळा झाला असता. चूक माझी होती, विचाराची नव्हती. मी विचार वाचवला."

"अन् तिचं बेणं?"

गुरुजी वाकून कुकरखाली लाकूड सारू लागले. वाफ आमच्या मधून जात होती, आणि त्या वाफेत त्यांचा चेहरा मला एकाच वेळी चोराचा आणि माझ्या बापाशी भांडलेल्या मास्तरचा दिसत होता. मी गाडी काढली आणि निघून आलो.

मोंढ्यात बातमी माझ्याआधी पोचली. कुकरवरच्या माणसांनी ऐकलं होतंच. चहाच्या टपरीवर त्या दिवशी सण होता. "ढोंगी निघालं की हो मास्तर!" भिकूशेठ कपाळावर हात मारून हसत होता. "म्या म्हनत नव्हतो? समदे सारखेच. उगा आमालाच औषधवाले म्हनून बदनाम करून राहिले होते." ते ऐकून मला गुरुजींचा आला होता त्याहून अधिक राग आला. या माणसाला वंदनाताईचं काही देणंघेणं नव्हतं, मातीचंही नव्हतं. कुणी तरी आपल्याहून वर उभा होता, तो घसरला, आता आपल्याला मान वर करून पाहावं लागणार नाही, एवढाच त्याचा आनंद. मी चहाचा कप आपटला आणि म्हणालो, "लेका, त्यांनी निदान सुरुवात तरी केली. तू कशावरून घसरशील? तू चढलाच न्हाईस कदी." आमची जुंपली. चार लोकांनी सोडवलं.

पण त्या भांडणाने मला विचारात टाकलं. मी मघाशी अभिमानाने लिहिलं की मी गोड आहे असं कुणाला सांगितलं नाही, म्हणून मला कुणी ढोंगी म्हणणार नाही. यात मोठेपणा कसला? ज्याने छपरावर काही ठेवलंच नाही त्याचं काही खाली पडत नाही, इतकंच. तोंडात तंबाखूची गोळी धरून लेकराला तंबाखूपासून दूर राहा म्हणणारा बाप ढोंगी नसतो. तो हरलेला असतो, आणि आपल्या हरण्यातून लेकराला वाचवू पाहतो. बोलणं आणि वागणं यात अंतर पडलं की लगेच हा शब्द फेकायचा, तर मग जगात एक तर गप्प बसणारे उरतील किंवा निर्लज्ज.

आणि लपवणं म्हणजे ढोंग, असंही नाही. पूर्वी बैलबाजारात दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करत. भोवती गर्दी उभी असायची आणि कुणाला काही दिसत नसे. पण तो रुमाल कधी कुणाला फसवत नव्हता. तो झाकायचा, आणि झाकलं आहे हे सगळ्यांना दाखवून झाकायचा. मी सौद्यात "परवडत न्हाई" म्हणून पाठ फिरवतो तेव्हा समोरच्यालाही ठाऊक असतं की मी दहा पावलांवरून वळणार आहे. खेळ दोघांना माहीत असला की त्यात पाप नसतं. गुरुजींच्या ताडपत्रीखाली मात्र काही झाकलं आहे हेच वंदनाताईला ठाऊक नव्हतं. ती खुल्या हातांनी उभी होती, आणि रुमाल फक्त त्यांच्या बाजूला होता.

ते घाबरले, याबद्दल मी त्यांच्यावर दगड उचलणार नाही. घाबरून त्यांनी औषध सोडलं, तो दुबळेपणा, तो माफ. लाजेपोटी ते कुणाला सांगितलं नाही, तेही मला समजतं. पण आपल्याला जी किंमत झेपली नाही ती दुसऱ्या बाईला मोजायला लावायची, आणि ती मोजते आहे तोवर तिच्या बाजूला उभं राहून "मीही मोजतो आहे" म्हणायचं, आणि त्याच दुपारी तिच्या त्या मोजण्यावर टाळ्या घ्यायच्या, याला मला दुसरा शब्द सापडत नाही. ढोंग त्या पिंपात नव्हतं. "मीही" या शब्दात होतं.

हे सगळं मनात घेऊन एका संध्याकाळी मी वंदनाताईकडे गेलो. मला वाटलं होतं, ती संतापेल, आणि माझ्या संतापाला जोडीदार मिळेल. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. आत भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर तिरकं ऊन पडलं होतं. तिच्यापर्यंत बातमी गेलेली होती. मी म्हणालो, तो माणूस ढोंगी आहे, आणि मी ते चारचौघांत म्हणणार आहे.

"म्हना की," ती म्हणाली. "तुमाला बरं वाटंल. मला काय भेटंल त्यातून?"

मी तिच्यापुढची एक शेंग उचलून फोडू लागलो.

"दादा, माज्या मायनं दिलेलं बेणं व्हतं. ती गेली तवा मी रडले न्हाई, म्हनलं वावरात हाय ती. आता सांगा कुटं हाय?" तिने फोलपटं झटकली. "मास्तरनं औषध सोडलं, सोडू द्या. डर कुनाला वाटत न्हाई? पन मी समोर हुबी व्हते. त्येंनी मला नुसतं इतकं म्हनायचं व्हतं, वंदना, म्या सोडलं, तुजं तू बघ. मंग मी सोडलं असतं का न्हाई, ते माजं मी बघितलं असतं. त्येंनी माजं बघनं बी सोताच करून टाकलं."

मग थोड्या वेळाने, शेंग फोडता फोडता, हसून म्हणाली, "भाषनात माजं नाव घेतलं तवा मला लई भारी वाटलं व्हतं. चार जनींना फोन करून सांगितलं म्या." तिचं रडणं मला सोसवलं असतं, ते हसणं सोसवलं नाही.

"बेणं तेंच्या वावरात हाय की," मी म्हणालो. "तुजंच हाय. मागून आन."

"मी काहून मागू? ते माज्या दारी आले व्हते मागायला. वाट त्येंना ठावं हाय."

चैत्र सरता सरता गुरुजींची हळद मोंढ्यात आली. ते स्वतः ढिगाशेजारी उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, थोडे वाकलेले. मी पुढे झालो. भिकूशेठसकट सगळे पाहत होते. मी ओंजळ भरली नाही. कोपरापर्यंत हात ढिगात घातला, तळातलं एक हळकुंड काढलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं. आवाज खणखणीत आला. गुरुजींची मान खाली गेली. सौद्यात मी आजवर जे काही जिंकलो त्यातलं काहीच मला त्या क्षणी आठवेना. मी ते दोन तुकडे उन्हाकडे धरले. आत गडद केशरी, कुठे डाग नाही, कुठे फट नाही. वंदनाताईच्या आईची हळद होती ती, इतकी सुंदर हळद त्या दिवशी मोंढ्यात दुसरी नव्हती. ज्यासाठी मी हळकुंड मोडलं ते त्यात कुठेच दिसत नव्हतं. आयुष्यभर मी ज्या रीतीवर भरवसा ठेवला ती माणसाला लागू पडत नाही, हे मला भर बाजारात, रंगलेल्या बोटांनी उभं असताना कळलं. माणूस मोडूनही कळत नाही. वेळ येते तेव्हा तो काय करतो, आणि ती वेळ हुकल्यावर पुढे काय करतो, यावरूनच काय ते कळायचं.

म्हणून ‘ढोंगी’ हा शब्द मी अजून हातात धरून आहे, टाकलेला नाही. भाद्रपदातल्या त्या सकाळी तो गुरुजींना बसत होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो त्यांना कायमचा बसतो की नाही, हे माझ्या हातात नाही.

आता रोहिणी निघाल्या आहेत. सऱ्या पाडून झाल्या. दुपारच्या वाऱ्यात नांगरलेल्या मातीचा कोरडा, तापलेला वास आहे. वंदनाताईच्या लिंबाखालची जागा झाडून स्वच्छ ठेवलेली आणि रिकामी आहे. येत्या आठवड्यात बाळापूरला त्याच मांडवात पुन्हा मेळावा आहे, आणि बोलणाऱ्यांत गुरुजींचं नाव आहे. मला न्यायला येशील का, म्हणून त्यांचा निरोप आला. मी येतो म्हणून कळवलं. वाटेत मी गाडी वंदनाताईच्या दारात उभी करणार आहे.

गुरुजी, माझ्या बापाच्या दारात तुम्ही माझ्यासाठी भांडला होतात. आज हे लिहून मी तिच्यासाठी तुमच्या दारात उभा आहे. तुमचे विचार खरे असतील, मी ते खोटे म्हणत नाही. मला तुमच्याकडून शाल नको, खुलासा नको, माझ्यासमोर मान खाली घालणं तर मुळीच नको. मृगाच्या आधी तिच्या घरची पायरी चढा, तिचं बेणं तिच्या लिंबाखाली ठेवा. मग ज्या माणसांसमोर तिचं नाव घेतलं होतं त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा, ती भिजत तुमच्या अंगणात उभी होती, तेव्हा तिच्याकडे पाहून तुम्ही "मीही" कसं म्हणालात. उत्तर द्या, गुरुजी. मला नका देऊ. तिला द्या.